कांचेच्या टाकींतील मासे व त्यांचें पाणी

घरांत कांचेची टाकी मांडून तींत रंगीत मासे पाळण्याची हौस अलीकडे पुष्कळ वाढली आहे. दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यांत सोनेरी मासे संथपणें फिरत आहेत आणि लहान मुलें कांचेला नाक लावून त्यांकडे पाहात बसलीं आहेत, हें दृश्य आमच्या विद्यार्थ्यांच्या घरीं आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. परंतु ह्या हौसेचा शेवट पुष्कळ ठिकाणीं एकच होतो. महिना दोन महिने लोटतात, एकामागून एक मासे मरतात, आणि शेवटीं रिकामी टाकी माळ्यावर जाऊन पडते. एका पालकसभेच्या दिवशीं एका मातोश्रींनीं आम्हांला विचारलें, "आम्ही दर रविवारीं टाकी पूर्ण रिकामी करून, आंतले खडेसुद्धां घासून, नळाचें ताजें पाणी भरतों, तरी मासे मरतात. असें कां व्हावें?" आमचें उत्तर असें कीं, ह्या वाक्यांतील 'तरी' हा शब्द काढून त्या जागीं 'म्हणून' हा शब्द घालावा, म्हणजे प्रश्नांतच उत्तर सांपडेल.

हें उत्तर आम्हांला प्रथम पुस्तकांतून मिळालें नाहीं. आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीनें तें शिकविलें. आणि ती चूक सांगितल्यावांचून पुढील विवेचन करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या विज्ञानशाळेंत सुमारें ८० लिटर पाण्याची एक टाकी होती व तींत गोल्डफिश जातीचे पांच लहान मासे होते. वार्षिक स्नेहसंमेलनाला येणाऱ्या पाहुण्यांना टाकी चकचकीत दिसावी, म्हणून आदल्या दिवशीं आम्हीं मुलांकडून ती पूर्ण रिकामी करविली. तळची वाळू नळाखालीं धुतली. हवेच्या पंपाला जोडलेला स्पंज मळून तपकिरी झाला होता. तो पिळून पिळून नव्यासारखा केला. मग नळाचेंच पाणी कांठोकांठ भरलें. दुसऱ्या दिवशीं पाहुण्यांनीं टाकीची वाखाणणी केली व आम्हींहि मुलांना शाबासकी दिली.

तिसऱ्या दिवशीं मासे पाण्याच्या पृष्ठभागाशीं तोंड आणून धापा टाकूं लागले. चौथ्या दिवशीं एक मेला, पांचव्या दिवशीं आणखी दोन मेले. माशांना खाणें घालण्याचें काम इयत्ता आठवींतील एका मुलाकडे होतें. "तूं फार खाणें टाकलेंस, म्हणून हें झालें," असें म्हणून आम्ही त्याला साऱ्या वर्गासमोर रागें भरलों. त्यानें मान खालीं घातली. एक शब्दहि तो बोलला नाहीं.

त्या सायंकाळीं आम्ही मासे विकणाऱ्या दुकानदाराकडे औषध मागावयास गेलों. त्यानें खाण्याविषयीं कांहीं विचारलें नाहीं. त्यानें एवढेंच विचारलें, "मास्तर, स्पंज कशांत धुतलात?" आम्हीं म्हटलें, "नळाखालीं." तो म्हणाला, "मग मळाबरोबर माशांचा जीवहि मोरींत गेला!" त्यानें औषध दिलें नाहीं. स्वतःच्या टाकींतील मळका स्पंज एका बाटलींत पिळून तें तपकिरी पाणी त्यानें आमच्या हातीं ठेवलें, आणि पाण्यांतील अमोनिया तपासण्याच्या द्रावणाच्या दोन लहान कुप्या दिल्या. शाळेंत येऊन आम्हीं टाकींतील पाणी तपासलें. अमोनिया नसता तर तें पिवळें राहावयाचें; तें गर्द हिरवें झालें. कांचेपलीकडचें पाणी मात्र आरशासारखें निर्मळ दिसत होतें.

दुसऱ्या दिवशीं, ज्या वर्गासमोर आम्ही त्या मुलाला बोललों होतों, त्याच वर्गासमोर आम्हीं त्याची क्षमा मागितली. पुढील दहा दिवस सकाळसंध्याकाळ तो आमच्याबरोबर टाकीशीं उभा असे. पांचांपैकीं दोन मासे वांचले.

आतां ह्या प्रकाराचें शास्त्रीय कारण पाहूं.

नदींत किंवा तळ्यांत जें मासे करतात, तेंच टाकींतहि करतात. ते खातात, श्वास घेतात व मलद्रव्यें बाहेर टाकतात. माशाच्या शरीरांत अन्नाचें पचन होऊन जो अमोनिया उत्पन्न होतो, त्याचा बहुतेक भाग त्याच्या कल्ल्यांवाटेच पाण्यांत जातो. न खाल्लेलें अन्न व कुजलेलीं पानें ह्यांपासूनहि अमोनियाच होतो. नदींत तो वाहून जातो व अफाट पाण्यांत विरून जातो. टाकींत तो कोठें जाणार? तो तेथेंच सांठतो, आणि तो माशांना विषासारखा आहे. त्यानें कल्ल्यांची नाजूक त्वचा भाजल्यासारखी होते व श्वास घेणें कठीण पडतें. गंमत ही कीं, त्याला रंग नाहीं. म्हणून पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसतें, आणि मासा त्यांत गुदमरत असतो.

मग एखाद्या चांगल्या टाकींत वर्षानुवर्षें मासे जगतात ते कसे? ह्याच्या शोधाचा इतिहास मनोरंजक आहे. लंडन येथील रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञानें इ. स. १८५० मध्यें आपल्या एका प्रयोगाची हकीकत तेथील रसायन परिषदेपुढें मांडली. त्यानें कांचेच्या मोठ्या पात्रांत दोन लहान सोनेरी मासे ठेवले व व्हॅलिस्नेरिया नांवाची लांब पातीची पाणवनस्पति लावली. वनस्पतीनें प्राणवायु द्यावा व माशांनीं तो घ्यावा, अशी ही योजना. परंतु वनस्पतीचीं जुनीं पानें कुजूं लागलीं व पाणी गढूळ झालें. तेव्हां त्यानें पाण्यांतल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाऊन टाकलीं आणि पात्र ठीक चालूं लागलें. घरगुती मत्स्यपालनाच्या शास्त्राचा हा एक पाया होय.

परंतु ह्या पात्रांत डोळ्यांना न दिसणारेहि कांहीं मजूर राबत असले पाहिजेत, हें त्या काळीं कोणाला ठाऊक नव्हतें. इ. स. १८७७ मध्यें श्लेसिंग व म्युंट्स ह्या दोघां फ्रेंच शास्त्रज्ञांनीं मोरीचें पाणी वाळूच्या थरांतून हळूहळू पाझरूं दिलें. कांहीं दिवस गेल्यावर त्यांतील अमोनिया नाहींसा होऊन नायट्रेट मिळूं लागलें. वाळूंत क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच हें कार्य बंद पडलें. अर्थात् तें कार्य सजीवांचें होतें हें सिद्ध झालें. पुढें इंग्लंडांतील रॉदमस्टेड येथील शेतकी प्रयोगक्षेत्रांत एका संशोधकानें दाखवून दिलें कीं, हें कार्य दोन पायऱ्यांनीं होतें व त्या दोन पायऱ्यांचे जंतुहि निरनिराळे असतात. ह्या संशोधकाचें नांवहि रॉबर्ट वॉरिंग्टनच; हा पहिल्या वॉरिंग्टनचा मुलगा! बापानें कांचेचें पात्र चालतें केलें, आणि तें कोणाच्या बळावर चालतें ह्याचा उलगडा होण्यास मुलाचें संशोधन शेतांतल्या मातीवरून उपयोगी पडलें. ते जंतु निराळे काढून वाढविण्याचें अवघड काम रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्‌स्की ह्यानें इ. स. १८९० च्या सुमारास साधलें.

ह्या दोन पायऱ्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवाव्या. पहिल्या प्रकारचे जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात. नायट्राइटहि विषारीच, तें माशाच्या रक्तांत शिरून रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति हिरावून घेतें व रक्त तपकिरी पडतें. दुसऱ्या प्रकारचे जंतु त्या नायट्राइटचें नायट्रेट करतात, आणि हें मात्र त्या मानानें पुष्कळच सौम्य असतें. दोन्हीं पायऱ्या एकटाच चढणारा जंतुहि आहे, असें इ. स. २०१५ मध्यें आढळून आलें. हे जंतु मोकळ्या पाण्यांत फार थोडे असतात. वाळूचे कण, कांचेचा पृष्ठभाग, आणि विशेषतः ज्यांतून पाणी सतत खेळतें तो स्पंज, ह्यांना चिकटून ते राहतात. आपण ज्याला मळ म्हणतों, त्या तपकिरी लेपांत त्यांची वस्ती असते. नव्या टाकींत ही वस्ती नीट बसावयास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टाकी आणली त्याच दिवशीं तींत डझनभर मासे सोडणें, म्हणजे ज्या गांवांत अद्याप मोऱ्या बांधल्या नाहींत तेथें जत्रा भरविण्यासारखें आहे. आरंभीं एक दोनच मासे सोडावे, खाणें अगदीं थोडें घालावें व पाणी वरचेवर तपासावें.

आमच्या चुकीचा उलगडा आतां वाचकांना झालाच असेल. नळाच्या पाण्यांत रोगजंतु मारण्यासाठीं क्लोरिन घातलेलें असतें. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत तें लिटरला निदान ०·२ मिलिग्रॅम उरलें पाहिजे. माणसाला त्यापासून अपाय नाहीं. माशाच्या कल्ल्यांना मात्र याहून कमी क्लोरिनहि बाधतें. शिवाय जें रोगजंतूंना मारतें, तें टाकींतील ह्या उपकारक जंतूंनाहि मारतें. आम्हीं स्पंज नळाखालीं धुतला, वाळू धुतली, पाणीहि नळाचें भरलें. एका दुपारांत आम्हीं माशांच्या गांवचे सारे सफाईवाले हांकून दिले, आणि दोष खाणें घालणाऱ्या मुलाच्या माथीं मारला.

येथें कोणी म्हणेल, "जंतु जर सर्व काम करतात, तर पाणी बदलावेंच कशाला?" बदलावें तर लागतेंच. जंतूंचें काम नायट्रेटपाशीं येऊन थांबतें. तें नायट्रेट दिवसेंदिवस सांठत जातें. वनस्पति त्यांतील कांहीं भाग खत म्हणून घेतात, परंतु घरच्या टाकींत तेवढ्यानें भागत नाहीं. ह्यासाठीं एक सोपें गणित करूं. समजा, एका टाकींत दर आठवड्याला लिटरमागें १० मिलिग्रॅम नायट्रेट वाढतें. दर आठवड्याला पाण्याचा दहावा हिस्सा बदलला, तर वाढतां वाढतां तें १०० मिलिग्रॅमपर्यंत जाऊन तेथें स्थिर होतें. कारण १०० चा दहावा हिस्सा १०, म्हणजे जेवढें वाढतें तेवढेंच निघून जातें. चौथा हिस्सा बदलला, तर तें ४० च्या वर जात नाहीं. ४० चा चौथा हिस्साहि १० च होतो. विद्यार्थ्यांनीं वहींत आठवड्यांचें कोष्टक मांडून हें स्वतः ताडून पहावें. म्हणून आठवड्यांतून एकदां चौथा हिस्सा पाणी बदलणें हा साधारण टाकीला मध्यम व सुरक्षित नियम होय. मासे दाट असतील तर अधिक बदलावें. विरळ असून वनस्पति भरपूर असतील तर थोडें कमी चालेल.

पाणी आटलें तेवढें वरून भरणें, ह्याला पाणी बदलणें म्हणतां येत नाहीं. आमटी चुलीवर आटली म्हणजे ती खारट होते. पाणी उडून जातें व मीठ मागें राहतें. टाकींतहि तसेंच आहे. वाफ होऊन जातें तें शुद्ध पाणी. क्षार व नायट्रेट मागेंच राहतात. सहा महिने नुसती भर घातली, तर आमटी दाट होतच जाते.

दुसरी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. पाण्याचा आम्लधर्म अथवा अल्कधर्म मोजण्याचें पीएच् नांवाचें मान आहे. त्यांत ७ म्हणजे उदासीन पाणी. त्याखालीं आम्ल व त्यावर अल्क. अमोनिया पाण्यांत दोन रूपांनीं असतो. एक सौम्य व एक घातक. २५ अंश सेल्सिअस उष्णतामानाच्या पाण्यांत पीएच् ७ असतां एकंदर अमोनियापैकीं घातक भाग शेंकडा अर्धा असतो. पीएच् ८ असतां तो शेंकडा पांचांवर जातो, आणि ९ असतां तिसऱ्या हिश्शाहूनहि अधिक होतो. आतां पाणी न बदलतां टाकी वर्षभर तशीच ठेवली, तर जंतूंच्या कार्यानेंच पाणी हळूहळू आम्ल होत जातें; जंतु मंदावतात व अमोनिया सांठूं लागतो. पण तो सौम्य रूपांत असल्यामुळें मासे कसेबसे तग धरतात. मग एके दिवशीं घरांतील कोणास उत्साह येतो व तो सारें पाणी बदलण्यास सुरुवात करतो. अर्धी टाकी नव्या अल्क पाण्यानें भरतांच उरलेला अमोनिया घातक रूप घेतो आणि मासे तडफडूं लागतात. घरची मंडळी म्हणतात, "पाणी बदललें म्हणून मासे मेले, आतां बदलावयाचेंच नाहीं!" वस्तुतः मासे वर्षभराच्या आळसामुळें मेले, बदललेल्या पाण्यानें तें केवळ उघडकीस आणलें. अशी जुनी टाकी हातीं आली, तर रोज दहावा हिस्सा याप्रमाणें पंधरा दिवस धिमेपणानें तिचें पाणी बदलावें.

आतां प्रत्यक्ष रीत सांगतों. माशांची म्हणून एक बादली वेगळी ठेवावी. तींत साबण किंवा कपडे धुण्याची पूड कधींहि घालूं नये. आदल्या दिवशीं नळाचें पाणी त्या बादलींत भरून उघडें ठेवावें. २४ तासांत साधें क्लोरिन बहुतेक उडून जातें. कोठें कोठें क्लोरिनऐवजीं क्लोरामिन घालतात. तें असें उडत नाहीं. त्यासाठीं दुकानांत मिळणारें क्लोरिननाशक द्रावण सांगितलेल्या मापानें घालावें. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यांत क्लोरिन नसतें, परंतु प्राणवायुहि थोडा असतो. म्हणून तें पाणी एका बादलींतून दुसरींत चार वेळां उंचावरून ओतावें. गच्चीवरील टाकींतील पाणी उन्हाळ्यांत दुपारीं कढत होतें. तें लगेच माशांवर ओतूं नये. नवें पाणी व जुनें पाणी हाताला सारखें लागलें पाहिजे. उष्णतामापक असल्यास एक दोन अंशांहून अधिक फरक नसावा.

मग एक रबरी नळी घेऊन, भौतिकशास्त्राच्या तासाला शिकलेल्या वक्रनळीच्या तत्त्वानें, टाकींतील चौथा हिस्सा पाणी खालच्या बादलींत काढावें. नळीचें टोंक वाळूजवळ फिरवावें, म्हणजे तळचा गाळ व उरलेलें अन्न पाण्याबरोबर निघून येतें. पुढच्या कांचेवरचें शेवाळ पुसावें. मागच्या कांचेवरचें राहूं द्यावें. स्पंज घट्ट भरला असेल तरच, महिन्यांतून एकदां, ह्या काढलेल्या जुन्या पाण्यांतच दोन तीनदां हलका पिळावा. वाळू व स्पंज एकाच दिवशीं कधींहि धुऊं नये. शेवटीं नवें पाणी हळूहळू ओतावें. काढलेलें पाणी मोरींत टाकूं नये. त्यांत नायट्रेट असतें व तें झाडांना खत होतें. आमच्या शाळेंतील झेंडूचे वाफे ह्या पाण्यावर चांगले पोसतात.

उन्हाळ्याविषयीं एक सूचना. पाणी जसजसें तापतें, तसतसा त्यांत प्राणवायु कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यांत लिटरला सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु राहूं शकतो. ३० अंशांवर तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. आणि नेमकी त्याच वेळीं माशांची गरज वाढलेली असते. म्हणून वैशाखांत हवेचा पंप बंद ठेवूं नये व खाणें कमी करावें. वीज गेली, तर स्वच्छ भांड्यानें टाकींतलेंच पाणी काढून वरून पुन्हां पुन्हां ओतावें. खाण्याचें माप असें कीं, दोन तीन मिनिटांत संपेल तेवढेंच घालावें.

माशांच्या आरोग्याचीं चिन्हें ओळखणें कठीण नाहीं. निरोगी मासा पर ताठ पसरून पोहतो व खाणें पाहतांच धांवून येतो. पर मिटून कोपऱ्यांत बसणें, पृष्ठभागाशीं धापा टाकणें, कल्ले लाल होणें, खड्यांवर अंग घासणें, हीं संकटाचीं चिन्हें होत. तीं दिसतांच लोक औषधाच्या बाटलीकडे धांवतात. आमचें सांगणें असें कीं, प्रथम पाणी तपासावें, चौथा हिस्सा मुरविलेल्या पाण्यानें बदलावा, एक दिवस उपास घालावा, आणि मग औषधाचा विचार करावा. पाणी वाईट असतां औषध गुण देत नाहीं. पुष्कळदां पाणी सुधारलें कीं औषध लागतच नाहीं.

पालकांस एक विनंति करून हा लेख संपवितों. मुलाच्या वाढदिवसाला आपण कांचेची टाकी आणून देतां, त्याबरोबर बादली व नळीहि त्याच्याच हातीं द्या. मासा बोलत नाहीं, ओरडत नाहीं, तहानभूक सांगत नाहीं. ज्याला सांगतां येत नाहीं त्याच्याकडे दर आठवड्याला न चुकतां लक्ष देणें, आणि तें एकाच दिवशीं आटापिटा करून नव्हे तर थोडें थोडें सतत देणें, ही संवय लहानपणीं लागली तर पुढें ती पुष्कळ ठिकाणीं उपयोगी पडते.

ज्या मुलाला आम्हीं त्या दिवशीं उगाच रागें भरलें होतें, त्यानें पुढें दहावी होईपर्यंत विज्ञानशाळेंतील टाकी सांभाळली. टाकीशेजारीं त्यानें खिळ्याला एक वही टांगली. तींत पाणी बदलल्याची तारीख, पाण्याचें उष्णतामान व अमोनियाचा रंग तो दर शनिवारीं लिहीत असे. शाळा सोडतांना त्यानें ती वही आठवींतल्या एका मुलीच्या स्वाधीन केली. टाकीची मागची कांच अजून हिरवट आहे व स्पंज तपकिरी आहे. आतां पाहुणे येणार असले, तरी आम्ही तो धुऊं देत नाहीं.